बाबिलोन : जेत्यांची वीट आणि बंदिवानांचा शब्द

आषाढ-श्रावणाच्या सुमारास, शुद्ध पक्षातील नवमीच्या आसपास, कोकणच्या किनाऱ्यावरील काही मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या एक कडक उपवास पाळला जात असे. ही घरे बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी लोकांची. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटले आणि त्यातून वाचलेले आपले पूर्वज तेथे किनाऱ्याला लागले, असे त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा करायचा आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावे पाहावीत तर दिवेकर, पेणकर, रोहेकर. त्या उपवासाच्या निमित्ताने वालाचे बिरडे करण्याची रीत होती, आणि म्हणून त्या दिवसाला नावच पडले 'बिरड्याचा सण'.

सण म्हटले तरी दिवस दुःखाचा. यरुशलेम येथील देवमंदिर जळाले, त्याचे ते सुतक. मंदिर दोनदा पडले. पहिल्यांदा इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या राजाने ते जाळले, दुसऱ्यांदा इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने. परंपरेने दोन्ही दुःखे एकाच तिथीला बांधली आहेत. अडीच हजार वर्षांहून अधिक काळ ज्यांच्या कृत्याची आठवण उपाशी राहून ठेवली गेली, ते बाबिलोनी लोक होते तरी कोण? आणि त्यांच्याविषयी आपण जे ऐकतो, ते कोणाच्या तोंडून ऐकतो?

संग्रामपूर, जळगाव जामोद किंवा खामगावकडच्या वाचकाला वाटेल, की हा विषय फारच दूरचा. पण बायबल मराठीत येऊन दोनशे वर्षे होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ति सदनात बसून हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. इ. स. १९२२ मध्ये त्या वारल्या तोवर हे काम त्यांनी तडीस नेले होते. आपल्या वऱ्हाडातही खामगाव-अकोल्याच्या प्रार्थनामंदिरांतून हा ग्रंथ वाचला जातो. तेव्हा वर्गातल्या एखाद्या मुलाने 'गुरुजी, बाबेल म्हणजे काय हो?' असे विचारले, तर शिक्षकाजवळ नीट उत्तर असावे.

प्रथम देश पाहू. आजच्या इराकमध्ये तैग्रिस आणि फरात या दोन नद्यांच्या मधला सपाट, गाळाचा मुलूख म्हणजे बाबिलोनिया. आपल्याकडे सातपुड्यात हात घालावा तेथे दगड. तिकडे दगड मिळणे मुश्कील, पण माती उदंड. म्हणून त्यांची घरे मातीची, देवळे मातीची, आणि कागदही मातीचाच. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने खुणा दाबायच्या आणि पाटी वाळवायची किंवा भाजायची. कागद कुजतो, ताडपत्राला वाळवी लागते. मातीची पाटी मात्र आगीत आणखी पक्की होते. त्यामुळे बाबिलोनी लोकांचे जमाखर्च, खटले, करार आणि राजांच्या बखरी आज आपल्याला वाचता येतात.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात बाबेलच्या बुरुजाची गोष्ट येते. लोक आभाळाला टेकेल असा बुरूज बांधू लागले, तेव्हा देवाने त्यांच्या भाषांचा घोटाळा केला आणि काम थांबले, अशी ती गोष्ट. तीत एक बारीक तपशील आहे. या लोकांनी दगडाच्या जागी भाजलेली वीट आणि चुन्याच्या जागी डांबर वापरले, असे तेथे सांगितले आहे. हे अगदी खरे. बाबिलोनच्या अवशेषांत विटांच्या थरांमध्ये डांबर आजही दिसते. तेथे एक प्रचंड पायऱ्यापायऱ्यांचे मंदिर होते. त्याच्या पायाची एकेक बाजू सुमारे ९१ मीटर भरते. नावाची गंमत अशी, की बाबिलोनी लोक आपल्या शहराच्या नावाचा अर्थ 'देवाचे द्वार' असा करीत. हिब्रू कथाकाराने तेच नाव आपल्या भाषेतील 'घोटाळा करणे' या अर्थाच्या शब्दाशी जोडून दिले. शहर एकच, पण आतल्या माणसाला ते देवाचे दार वाटते आणि बाहेरच्याला गोंधळाचे घर. पुढची सारी हकीकत वाचताना हे ध्यानात ठेवावे.

आता इतिहास. बाबिलोन फार जुने. कायद्यांसाठी प्रसिद्ध असलेला हम्मुराबी राजा इ. स. पू. अठराव्या शतकातला. पण बायबलमध्ये ज्यांचा धाक दिसतो ते बाबिलोनी त्यानंतर हजार वर्षांनी आलेले. मराठी बायबलात त्यांना 'खास्दी' म्हटले आहे. इ. स. पू. ६२६ मध्ये त्यांच्या घराण्याने राज्य उभे केले, ६१२ मध्ये मित्रांच्या साह्याने अश्शूरची राजधानी निनवे पाडली, आणि ६०५ मध्ये राजपुत्र नबुखद्नेस्सर याने मिसरच्या सैन्याचा मोड केला. त्याच वर्षी तो गादीवर बसला.

मिसर आणि बाबिलोन या दोन बलाढ्य सत्तांच्या वाटेवर यहूदा नावाचे एक चिमुकले राज्य होते. यरुशलेम ही त्याची राजधानी. दोन बैलांच्या टकरीत मधले झुडूप चिरडावे, तशी त्याची गत. आज मिसरची बाजू घ्यावी, उद्या बाबिलोनला खंडणी द्यावी, असे चालले होते. इ. स. पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेम घेतले आणि तरुण राजा यहोयाखीन याला कैद करून नेले. त्याच्या जागी बसवलेल्या सिद्कीयाने पुढे बंड केले. मग दीर्घ वेढा पडला, अन्न संपले, तट फुटला. सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याची मुले मारली आणि मग त्याचे डोळे काढले, असे बायबल सांगते. मंदिर आणि शहर जळाले. कारागीर, सरदार, पुरोहित यांना शेकडो कोस दूर बाबिलोनात नेले. यिर्मयाच्या पुस्तकाच्या शेवटी तीन खेपांची मिळून ४,६०० माणसे मोजली आहेत. दुसऱ्या पुस्तकातले आकडे याहून मोठे आहेत. गरीब शेतकरी मात्र मागेच राहिले.

ही हकीकत हरलेल्यांनी लिहिलेली. हिला पुरावा काय? येथे मातीच्या पाट्या साक्षीला येतात. नबुखद्नेस्सराच्या दरबारची बखर असलेली एक पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचा मजकूर इ. स. १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. राजाने आपल्या सातव्या वर्षी यहूदाच्या नगराला वेढा दिला, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी ते घेतले, तेथला राजा पकडला, आपल्या पसंतीचा राजा बसवला आणि मोठी खंडणी आणली, अशी त्यात नोंद आहे. ही ५९७ चीच घटना. दुसरा पुरावा याहून साधा आणि म्हणून याहून बोलका. जर्मन संशोधक कोल्डवे याने १८९९ ते १९१७ या काळात बाबिलोनचे उत्खनन केले. त्यात राजवाड्याच्या कोठाराचे हिशेब सापडले. कोणाला किती शिधा दिला याची ती यादी. तीत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच पुत्र यांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. बायबल म्हणते, की या राजाला बंदिवासातही राजाच्या कोठीतून नेमणूक मिळत असे. कोठीवाल्याने आपला हिशेब चोख ठेवला, आणि अडीच हजार वर्षांनी तो साक्षीदार ठरला.

येथवर इतिहास झाला. आता भविष्यवाणीकडे वळू. बायबलातील संदेष्टे म्हणजे पंचांग घेऊन बसणारे जोशी, अशी आपली समजूत असेल तर ती बाजूला ठेवावी. संदेष्टा राजाच्या तोंडावर बोलतो. तुम्ही गरिबाला नाडता, न्याय विकता, याचे फळ तुम्हाला भोगावे लागेल, हे सांगणे त्याचे पहिले काम. भविष्य त्याच्या बोलण्यात येते ते या न्यायाच्या ओघात.

म्हणूनच बाबिलोनविषयी संदेष्टे एका सुरात बोलत नाहीत. यिर्मया प्रथम आपल्याच लोकांना म्हणतो, की बाबिलोन ही देवाच्या हातातली छडी आहे, तिच्यापुढे मान लववा आणि जीव वाचवा. साहजिकच लोकांनी त्याला फितूर ठरवले आणि चिखलाच्या हौदात टाकले. हबक्कूक याला हे उत्तर पुरत नाही. तो देवालाच विचारतो, आम्ही वाईट हे मान्य, पण आम्हाला शिक्षा द्यायला आमच्याहून वाईट माणसाला कसा पाठवतोस? हा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

पुढे यिर्मयाने बाबिलोनातल्या कैद्यांना पत्र लिहिले. त्याचा भावार्थ असा : तेथे घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याचे भले चिंता, कारण त्याच्या भल्यातच तुमचे भले आहे. धरणाखाली गाव गेल्यावर परक्या माळावर नव्याने चूल मांडणाऱ्यांना या सल्ल्यातले दुःखही कळेल आणि शहाणपणही. त्याच बंदिवानांचे म्हणून १३७वे स्तोत्र प्रसिद्ध आहे. नदीकाठी बसून गावाच्या आठवणीने रडणारी माणसे त्यात आहेत, आणि शेवटी शत्रूच्या लेकराबाळांवरही सूड इच्छिणारा भयंकर संतापही आहे. सल्ला आणि संताप, दोन्ही त्या ग्रंथाने जपले. एक ठेवून दुसरे गाळले नाही.

मग सूर पालटतो. यशया आणि यिर्मया यांच्या पुस्तकांत बाबिलोनच्या पतनाची मोठी प्रकरणे आहेत. जी नगरी स्वतःला राण्यांची राणी समजते ती धुळीत बसेल, तिचे ज्योतिषी तिला वाचवणार नाहीत, तेथे कोणी वस्ती करणार नाही, रानटी जनावरे फिरतील, असे त्यांत म्हटले आहे. देवाने उगारलेली छडी स्वतःलाच देव समजू लागली, हा तिच्यावरचा आरोप.

दानीएलाच्या पुस्तकात हाच आरोप गोष्टींच्या रूपाने येतो. राजा वाड्याच्या गच्चीवर उभा राहून आपल्या थोरवीचा गर्व करतो आणि वेडा होऊन गुरासारखे गवत खातो. बेलशस्सराच्या मेजवानीत एक हात भिंतीवर अक्षरे लिहितो. ती अक्षरे म्हणजे खरे पाहता वजनांची नावे, आपल्या मण, शेर, अच्छेरासारखी. दानीएल त्यांचा अर्थ लावतो, की राजा, तुला तराजूत घातले आणि तू कमी भरलास. कोणत्याही बाजारकऱ्याला कळेल अशी ही भाषा.

या पुस्तकाबाबत शिक्षकांनी जरा जपून चालावे. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते आजच्या रूपात इ. स. पू. १६५ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी तयार झाले. बेलशस्सराचे नाव जुन्या ग्रीक इतिहासकारांत मिळत नसल्याने कित्येकांना ते कल्पित वाटे. पण इ. स. १८५४ मध्ये ऊर येथे सापडलेल्या लेखांत ते मिळाले. तो नबुखद्नेस्सराचा मुलगा मात्र नव्हता. त्याचा बाप नबोनिदस हा शेवटचा राजा, आणि बाप कित्येक वर्षे अरबस्तानात तैमा येथे जाऊन राहिला तेव्हा मुलगा कारभार पाही. नबोनिदसच्या सात वर्षांच्या आजाराची एक कथा मृत समुद्राजवळच्या गुहांतील गुंडाळ्यांत मिळाली आहे. तेव्हा वेड्या राजाची मूळ गोष्ट त्याचीच असावी आणि पुढे ती अधिक नावाजलेल्या राजाच्या नावावर गेली असावी, असा तर्क करतात. आपल्याकडे नाही का, चतुराईची कोणतीही गोष्ट बिरबलाच्या नावावर जाते.

बाबिलोन पडले कसे? इ. स. पू. ५३९ मध्ये पारसिक राजा कोरेश याचे सैन्य शहरात शिरले, तेही जवळजवळ लढाईवाचून. शहर त्या दिवशी ओस पडले नाही. शिकंदर इ. स. पू. ३२३ मध्ये तेथेच मेला. त्यानंतर तैग्रिसच्या काठी नवी राजधानी वसली, माणसे तिकडे गेली, फरातचे पात्र सरकत राहिले, आणि शहर हळूहळू ओसरले. त्या मुलखात पाटाच्या पाण्याबरोबर मीठही जमिनीत साचत गेले आणि गव्हाची जागा खारट जमीन सोसणाऱ्या जवाने घेतली. हे फार जुन्या काळापासून चालू होते. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या संग्रामपूरकरांना मिठाने जमीन आणि विहीर कशी बिघडते ते सांगायला नको. आपल्याकडे कारण निराळे, भोग तोच. अखेर शहर ओसाड झाले ते खरे, पण एका रात्रीत नव्हे, कित्येक शतकांत. संदेष्ट्याचे बोल तारखेच्या फूटपट्टीने मोजू गेले तर चुकतात. गर्वाच्या राज्याचा शेवट काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचले तर त्यांचा अर्थ लागतो.

कोरेशाविषयी एक गोष्ट मोठी उद्बोधक आहे. त्याने यहुद्यांना परत जाऊ दिले, म्हणून यशयाच्या पुस्तकात त्याला देवाचा अभिषिक्त म्हटले आहे. इ. स. १८७९ मध्ये बाबिलोनात मातीचे एक नळकांडे सापडले. त्यावर लिहिले आहे, की बाबिलोनच्या मर्दुक देवाने कोरेशाला निवडून बोलावले. म्हणजे राजा एकच, आणि जित व जेते दोघेही म्हणतात, तो आमच्या देवाने पाठवला.

बरे, परतीची वाट मोकळी झाल्यावर सगळे परतले का? नाही. 'यहूदाचे गाव' अशा अर्थाच्या नावाची एक वस्ती बाबिलोनियात होती. तेथल्या आणि आसपासच्या पाट्या इ. स. २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या इ. स. पू. ५७२ ते ४७७ या काळातल्या. त्यांत शेताचे खंड, जव-खजुराची देणी आणि कर्जाचे कागद आहेत. एका अर्थी त्यांचे सातबाराच म्हणा ना! यिर्मयाचा सल्ला लोकांनी मनावर घेतला होता. हे राहिलेले लोक पुढे हजारो वर्षे तेथे नांदले, आणि यहुदी धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ, बाबिलोनी तालमूद, तेथेच तयार झाला. बाबिलोनच्या अवशेषांपासून बगदाद काही शंभर कोस दूर नाही, १०० किलोमीटरच्या आतच आहे. त्या बगदादहून एकोणिसाव्या शतकात मुंबईस आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी पुण्यात जे प्रार्थनामंदिर बांधायला घेतले आणि जे १८६७ मध्ये पुरे झाले, ते पुणेकरांचे 'लाल देऊळ'.

बाबिलोनी लोक म्हणजे केवळ जाळपोळ करणारे, असेही समजू नये. साठ मिनिटांचा तास आणि ३६० अंशांचे वर्तुळ ही त्यांच्या साठीच्या मोजणीची देणगी. मेष-वृषभादी बारा राशी त्यांच्याकडून ग्रीकांमार्फत आपल्याकडे आल्या, असे अभ्यासक मानतात. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरण्याची रीत त्यांनी बसवली. आपल्या अधिकमासाचे गणितही जवळपास असेच पडते. यहुदी लोकांनी बंदिवासात त्यांच्या महिन्यांची नावे उचलली. ज्या 'आब' महिन्याच्या नवव्या दिवशी मंदिराचे सुतक धरायचे, त्या महिन्याचे नावसुद्धा मंदिर जाळणाऱ्यांकडूनच आलेले!

पुढे 'बाबिलोन' हा नुसता शब्द उरला. नव्या करारातील शेवटच्या पुस्तकात रोमच्या साम्राज्याला हेच नाव दिले आहे, आणि तेव्हापासून कोणत्याही गर्विष्ठ सत्तेला ते देण्याची चाल पडली. येथे सावध राहावे. नाव एकदा शिवी झाले, की त्या नावामागची माणसे दिसेनाशी होतात. वीट थापणारा, पाट खणणारा, कोठारात तेल मोजून देणारा बाबिलोनी माणूस यरुशलेम जाळायला गेला नव्हता.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा भाग मुलांना सांगाल तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा : हे कोणी लिहिले, आणि काय सोसल्यावर लिहिले? नबुखद्नेस्सराने आपल्या विटांवर स्वतःचे नाव ठसवून घेतले. तशा विटा पुढे आसपासच्या लोकांनी काढून नेल्या आणि घरांना लावल्या. ज्यांचे मंदिर गेले, राजा गेला, त्यांच्यापाशी फक्त सांगण्यासारखी हकीकत उरली होती. ती त्यांनी लिहिली, मुलांकडून पाठ करून घेतली, आणि स्वतःचे दोषही त्यात झाकले नाहीत. ती हकीकत एका बाजूची आहे हे जरूर सांगावे. पण तिच्यामुळेच कोकणातल्या एका घाण्याशेजारच्या घरात, वालाला मोड आणताना, एखादी आजी नातवाला न पाहिलेल्या शहराची गोष्ट मराठीत सांगू शकली.